माशांचा टँक धुतल्यावर तिसऱ्या दिवशी पाणी पुन्हा पांढरं होतंय? आधी घरच्यांना विचारा

रविवारी अख्खा टँक रिकामा केला, खडी चार पाण्यांनी धुतली, काच घासली, नवीन पाणी भरलं. सोमवारी सगळं लख्ख. बुधवारी सकाळी बघावं तर पाणी ताकासारखं पांढुरकं आणि मासे वर येऊन तोंडं उघडमीट करतायत. मग शेजारचे सांगतात तुरटी फिरवा. दुकानदार निळ्या औषधाची बाटली हातात देतो. गावाकडून आलेली आत्या म्हणते, चिमूटभर हळद टाक, हळदीनं काही बिघडत नाही. पाणी एक दिवस बरं दिसतं आणि परत तेच. पुढच्या रविवारी पुन्हा बादल्या.

सोलापुरात ज्यांच्या घरी टँक आहे त्यांच्याकडून ही तक्रार इतक्यांदा ऐकली आहे की हल्ली कुणाकडे गेलो तर मी टँकच्या आधी स्वयंपाकघराची चौकशी करतो. बहुतेक ठिकाणी दोष पाण्याचा नसतो, फिल्टरचाही नसतो. माशांच्या खाण्याशिवाय टँकमध्ये आणखी काहीतरी पडत असतं आणि ते काढायला म्हणून त्यात आणखी काहीतरी ओतलं जात असतं. ही साखळी तोडली नाही तर कितीही धुवा.

पांढरं म्हणजे कुठलं पांढरं

उपाय करायच्या आधी एक साधी चाचणी करा. काचेच्या दोन स्वच्छ ग्लासांपैकी एकात टँकचं पाणी घ्या, दुसऱ्यात ज्या पाण्यानं टँक भरता ते. दोन्हींच्या मागे काळं कापड लावून रात्रभर हलवू नका. सकाळी टँकच्या ग्लासात तळाशी गाळ बसून वरचं पाणी स्वच्छ झालेलं दिसलं तर ती खडीची धूळ आहे, नीट धुतली नव्हती एवढंच. काहीही खाली न बसता पाणी तसंच धूसर राहिलं तर ते जिवाणू आहेत. भरायच्या पाण्याचा ग्लासच गढूळ असेल तर प्रश्न टँकच्या बाहेरचा आहे.

हिरवं पाणी हा वेगळा विषय, त्याचं कारण ऊन किंवा दिवसभर जळणारा लाइट. चहासारखा तांबूस रंग लाकडातून किंवा पानातून उतरतो, त्यानं माशांचं काही बिघडत नाही. पृष्ठभागावर तेलकट तवंग, बोट फिरवलं की फाटणारा, दिसत असेल तर मात्र स्वयंपाकघरातलाच माल आत जातोय, त्यात शंका नको.

आणि एक: टीडीएस मोजायचं पेन घेऊन पाण्याची शुद्धता ठरवू नका. आरओ बसवणारा माणूस ते देऊन जातो आणि लोक तेच टँकमध्ये बुडवतात. त्याला विरघळलेले क्षार कळतात, माशांच्या घाणीतून आणि कुजलेल्या खाण्यातून होणारा विषारी अमोनिया कळत नाही. आकडा चांगला आणि मासे मरतायत, असं खुशाल होऊ शकतं.

कोण काय टाकतंय

जुळे सोलापुरातल्या एका घरी दोन फुटी टँक होता, चार गोल्डफिश, चांगला फिल्टर, मुलगा रोज मोजून दाणे टाकणारा. तरी आठवड्याला पाणी पांढरं. मी प्लास्टिकचा शिंपला उचलला आणि त्याच्याखाली नळी धरली. नळीतून आधी पाणी आलंच नाही, करडा लगदा आला. बादलीत पडल्यावर त्यातले तुकडे ओळखू यायला लागले: ज्वारीच्या कडक भाकरीचे. फुगलेले, कडेनं कापसासारखी बुरशी धरलेले, वासाला आंबलेल्या पिठासारखे. आजोबा मागे खुर्चीत बसले होते. म्हणाले, "मुका जीव आहे रे, सकाळी माझ्या ताटातला एक तुकडा देतो. एवढ्याशा भाकरीनं काय होतंय बे?"

आजोबांचं चुकत नव्हतं असंही म्हणता येईल. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभं राहून माशांना चुरमुरे, कणकेच्या गोळ्या टाकत मोठं झालेलं गाव हे. तलावात पाण्याच्या मानानं तुमचा चुरमुरा काहीच नाही. घरातल्या टँकचा हिशेब वेगळा.

तो हिशेब एकदा मांडूनच बघू. 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच टँकमध्ये काठोकाठ 56 लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली की उरतं साधारण 45 लिटर. 30 अंश तापमानाला एका लिटर पाण्यात फार तर साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळून राहतो, म्हणजे अख्ख्या टँकमध्ये मिळून 0.34 ग्रॅम. आता भाकरीतलं, पोळीतलं, बिस्किटातलं पिष्ट घ्या. एक ग्रॅम पिष्ट पूर्ण कुजायला जवळपास 1.2 ग्रॅम ऑक्सिजन लागतो. टँकमध्ये आहे त्याच्या तिपटीहून जास्त! हे एका क्षणात होत नाही, एअर पंप वरून भर घालत असतो, म्हणून मासे लगेच मरत नाहीत. पण रात्रभर कुजणं चालू राहतं, टँकमध्ये झाडं असतील तर अंधारात तीही ऑक्सिजनच घेतात, आणि पहाटे पातळी सगळ्यात खाली जाते. मासे सकाळीच वर का येतात, त्याचं कारण हे.

पांढरेपणा म्हणजे हे पिष्ट खाणारे जिवाणू. भरपूर खायला मिळालं की त्यांच्यातल्या काहींना दुप्पट व्हायला अर्धा तासही पुरतो. माशांची घाण पचवणारे, अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू वेगळे. ते फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर चिकटून राहतात आणि त्यांना दुप्पट व्हायला सगळं अनुकूल असूनही दिवसभराच्या आसपास वेळ लागतो. म्हणून दर रविवारी सगळं घासून धुतलं की संथ वाढणारे कामाचे जिवाणू जातात आणि झपाट्यानं वाढणाऱ्यांना मोकळं रान मिळतं. तिसऱ्या दिवसाचं गणित इथे आहे.

प्रथिनांचा मामला याहून वाईट. आपल्याकडे तेलघाण्यावर शेंगदाण्याची पेंड सहज मिळते, आणि शेततळ्यात मासे पाळणारा कुणी ओळखीचा असला की तो छातीठोकपणे सांगतो, पेंड घाला, मासे कसे फुगतात बघा. तो खोटं बोलत नाही. रोहू, कटला, मृगळ यांना शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात मिसळून घालायची पद्धत देशभर जुनी आहे. शेततळ्यात जे खाल्लं जात नाही त्याचं खत होतं, त्यावर प्लवक वाढतं, ते परत मासे खातात. काचेच्या पेटीत यातलं काहीच होत नाही. पेंडीत साधारण 45 टक्के प्रथिन धरा, प्रथिनात 16 टक्के नायट्रोजन. दहा ग्रॅम पेंड, म्हणजे दोन-तीन चमचे, टँकमध्ये पडून सगळी कुजली तर 45 लिटरमध्ये अमोनियारूपी नायट्रोजन लिटरमागे 16 मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतो. पिल्लांना म्हणून उकडलेल्या अंड्याचा बलक घालतात, तोही असाच. एका बलकात पावणेतीन ग्रॅम प्रथिन असतं आणि तो पाण्यात पडताच ढग होऊन पसरतो, नळीनं ओढून काढताही येत नाही. पिल्लांसाठी घालायचाच असेल तर टाचणीच्या टोकावर मावेल एवढा, आणि दोन तासांत थोडं पाणी बदलायची तयारी ठेवून.

पेंडीबद्दल आणखी एक सांगायचं म्हणजे दमट जागी ठेवलेल्या शेंगदाण्याला बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते माणसांना वाईट, जनावरांना वाईट, माशांनाही वाईट. कूट, पेंड, जुने दाणे, यातलं काहीच टँकला नको. तवंगही बहुतेक यांच्याच तेलाचा असतो.

सोलापूरचं पाणी आणि पीएच

हे समजून घेतलं तर पुढची निम्मी औषधं आपोआप बाद होतात.

अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक रूप माशांना फारसं बाधत नाही, दुसरं कल्ले जाळतं. कुठलं किती असेल ते पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते सांगणारा आकडा; 7 म्हणजे मधोमध) आणि तापमान ठरवतं. 25 अंशांना पीएच 7 असेल तर जाळणारं रूप अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं. पीएच 8 झाला की तेच पाच टक्क्यांच्या वर, आणि पाणी 30 अंशांवर गेलं की साडेसात टक्के. म्हणजे तेवढाच अमोनिया, पण विष दहापटीहून जास्त. आपण बसलोय काळ्या बेसॉल्टवर. बोअरचं पाणी जड, पातेल्याला पांढरा थर धरणारं, पीएच सातच्या बराच वर. त्यात एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर. दुसऱ्या गावात मऊ पाण्यात आणि गार हवेत एखाद्याचा टँक भाकरीचे तुकडे टाकूनही तगला असेल. त्याचा अनुभव इथे लागू होत नाही.

आता लोक काय करतात? पीएच चढलाय असं कळलं की लिंबू पिळतात किंवा व्हिनेगर घालतात. जड पाण्यातले कार्बोनेट ते आम्ल गिळून टाकतात आणि थोड्या वेळात पीएच पुन्हा होता तिथे. माशांना मात्र मध्येच झोका बसतो. उलट काही जण पाणी 'गोड' करायला खायचा सोडा घालतात. हे तर फारच धोक्याचं, कारण सोडा पीएच वाढवतो, आणि टँकमध्ये आधीच अमोनिया असेल तर निरुपद्रवी रूपातला भाग जाळणाऱ्या रूपात जातो. सोडा घातला आणि तासाभरात मासे उलटे, अशा गोष्टी ऐकतो त्या यामुळे.

पीएच खाली आणण्याच्या नादाला लागू नका. गप्पी, मॉली, प्लॅटी, गोल्डफिश यांना जड पाणी चालतं, मॉलीला तर आवडतं. मासे पाण्याला साजेसे निवडा, ते सोपं.

डब्यातली आणि बाटलीतली औषधं

तुरटी: पिण्याचं गढूळ पाणी निवळायला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या फिरवतात, म्हणून टँकमध्येही फिरवतात. तुरटी धुळीचे कण एकत्र करून खाली बसवते. पण ते चिकट पुंजके माशांच्या कल्ल्यांवरही बसतात, आणि खाली बसलेली घाण टँकमध्येच कुजत राहते. शिवाय तुरटी पाण्यातली आम्ल झेलायची ताकद खाते. एक दिवस पाणी लख्ख दिसतं, खरं आहे. पण कारण तळाशी तसंच पडून आहे.

हळद: तिच्यातलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणजे माशाच्या जखमेपर्यंत औषध म्हणून काही पोचत नाही. काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन मात्र पिवळं पडतं आणि ते पुन्हा कधी पांढरं होत नाही. आत्याला दुखवू नका, पण डबा कपाटात ठेवा.

मिठाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण मीठ हे एकमेव घरगुती औषध आहे ज्याला खरंच अर्थ आहे, आणि ते सगळ्यात चुकीचं वापरलं जातं. नायट्राइट माशाच्या रक्तात शिरून ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला निकामी करतं. कल्ले लाल न राहता तपकिरी दिसायला लागतात. मिठातला क्लोराइड कल्ल्यांवर नायट्राइटची वाट अडवतो. म्हणून नायट्राइट चढलेलं असताना लिटरमागे एक ग्रॅम मीठ उपयोगी पडतं. 45 लिटरला 45 ग्रॅम, टँकच्याच पाण्यात मगभर विरघळवून, दिवसभरात दोन-तीन भागांत. आयोडिनचं मीठ चालत नाही असं सगळेच सांगतात. त्यात आयोडिन इतकं किरकोळ असतं की त्यासाठी वेगळं मीठ शोधत नवी पेठ पालथी घालायची गरज नाही. पण हे मीठ अडचणीपुरतं. दर आठवड्याला मूठ टाकायची सवय लागते, आणि पाणी आटतं तेव्हा मीठ आटत नाही. उन्हाळ्यात पाणी झपाट्यानं उडतं, वरून बोअरच्या पाण्याची भर घालता, ते स्वतःच क्षारांचं, आणि महिन्याभरात टँकमध्ये किती मीठ साठलंय त्याचा अंदाज राहत नाही. जिवंत झाडं असतील तर ती आधी पिवळी पडतात. कॉरिडोरास किंवा तत्सम मिशीवाले मासे असतील तर मिठाला हातच लावू नका.

मिथिलीन ब्लू, म्हणजे दुकानदाराची निळी बाटली, हे अंड्यांवरच्या बुरशीसाठी वगैरे चांगलं औषध आहे, पण वेगळ्या टबमध्ये. मुख्य टँकमध्ये ओतलंत की फिल्टरमधले कामाचे जिवाणू मारले जातात आणि पांढऱ्या पाण्याची पुढची फेरी तुम्ही स्वतःच लावून दिलीत. विहिरीत टाकतात ते पोटॅशियम परमँगनेट तर डोळ्यांच्या अंदाजानं कधीच घालू नये. पाण्यातल्या घाणीवर त्याचा किती भाग खर्च होईल ते आधी सांगता येत नाही, आणि उरलेला कल्ल्यांवर काम करतो.

कडुलिंबाचा पाला नको. कीटकांना मारणारा त्याचा गुण माशांपाशी येऊन थांबत नाही. देशी बदामाचं पान चालतं, तेही झाडावरून आपसूक गळलेलं, पूर्ण वाळलेलं, तपकिरी, रस्त्याच्या धुरापासून लांबच्या झाडाचं. धुऊन एक पान दोन फुटी टँकला पुरतं. बेटा जातीच्या माशाला त्यातलं टॅनिन मानवतं. आपल्या जड पाण्यात त्यानं पीएच उतरेल ही अपेक्षा मात्र ठेवू नका.

चुलीतला किंवा इस्त्रीचा कोळसा फिल्टरमध्ये भरणारेही भेटतात. तो सक्रिय कोळसा नव्हे. सक्रिय कोळसाही औषधाचा रंग आणि वास ओढतो, अमोनिया नाही.

पाणी येण्याचा दिवस

शहराला पाणी उजनीच्या जलवाहिनीतून, टाकळीहून आणि हिप्परगा तलावातून येतं, आणि नळाला येतं ते काही दिवसांआड. त्यामुळे घरातली सगळी धुणीभांडी, फरशी, गाडी आणि टँक त्याच दिवशी. नळ चालू आहे तोवर टँक उरकून घ्यायचा, पाइप थेट आत सोडायचा, स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळायचा. यात दोन घोळ होतात. नळाच्या ताज्या पाण्यातला क्लोरिन माशांच्या कल्ल्यांना बाधतो आणि स्पंजमधले जिवाणू मारतो. आणि जे काम थोडं थोडं करायचं ते चार दिवसांत एकदा घाऊक होतं.

उपाय साधा आहे. पाणी आलं की टँकसाठी एक पिंप वेगळं भरा आणि पाणी बदलायचं काम दुसऱ्या दिवशी करा. उघड्या पिंपात, त्यात एअर स्टोन सोडला तर उत्तम, दिवसभरात क्लोरिन उडून जातो. घाई असेल तर अँटिक्लोरिनचे थेंब, बाटलीवर लिहिलेल्या मापानं. घरी डासांसाठी तपासणीला येणारे कर्मचारी ज्या बॅरलमध्ये अळीनाशक टाकून जातात, त्या बॅरलचं पाणी टँकला घेऊ नका.

आता काय करायचं

ज्या दिवशी हे वाचताय त्या दिवसापासून तीन दिवस खाणं पूर्ण बंद. घाबरू नका, तब्येतीनं बरा मोठा मासा आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही. हे घरात सगळ्यांना सांगा आणि टँकवर चिठ्ठी चिकटवा. चिठ्ठीचा उपयोग आजोबांपेक्षा शाळकरी नातवंडांना जास्त होतो, पण लावा.

शोभेच्या वस्तू उचलून, कोपऱ्यांत आणि फिल्टरच्या मागे नळी फिरवून तळाचा गाळ ओढा. त्यात जेवढं पाणी जाईल तेवढंच बदला, साधारण चौथा हिस्सा. दुसऱ्या दिवशी पुन्हा चौथा हिस्सा, तिसऱ्या दिवशीही. एकदम सगळं बदलू नका, विशेषतः टँक बरेच महिने तसाच दुर्लक्षित असेल तर. अशा टँकचा पीएच हळूहळू खाली गेलेला असतो आणि साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात पडून असतो. वरून जड, चढ्या पीएचचं पाणी एकदम ओतलंत तर तो जागा होतो.

स्पंज तुंबला असेल तर टँकमधून काढलेल्या पाण्याच्याच बादलीत दोनदा दाबून परत लावा. मळकट दिसू द्या. एअर पंप रात्रंदिवस चालू. लाइट सहा-सात तास पुरे. बाकी काहीही घालायचं नाही, 'पाणी स्वच्छ करणारे' थेंबसुद्धा नाहीत.

पहिले दोन दिवस फरक दिसणार नाही, आणि इथेच लोकांचा धीर सुटतो. पाणी आठवडाभरात आपसूक निवळतं. दर रविवारी धुऊन फिल्टर कोराच झाला असेल तर कामाचे जिवाणू पूर्ण बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर खाणं निम्म्यावर. द्रव पदार्थाचा अमोनिया टेस्ट किट मिळाला तर घ्या, पट्ट्यांपेक्षा बरा. मनी प्लांटची एक वेल, फक्त मुळं पाण्यात राहतील अशी, टँकच्या काठावर अडकवा. नायट्रोजन ओढायला तिच्याइतकी स्वस्त वस्तू नाही.

घरचं द्यायचंच असेल तर

देऊ नका असं मी म्हणणार नाही. रोज तेच दाणे खाणाऱ्या माशांना बदल आवडतो आणि देणाऱ्यालाही आनंद होतो. फक्त जे पाण्यात विरघळणार नाही आणि उरलं तर चिमट्यानं उचलता येईल, तेच द्या.

सकर फिश असेल तर काकडी किंवा दोडक्याची चकती, पालकाचं पान गरम पाण्यात मिनिटभर बुडवून. रात्री घाला, सकाळी काढा. गोल्डफिशला उकडलेल्या मटारच्या दाण्याचं साल काढून आतला गर, माशामागे एखादा दाणा. फ्लॉवरहॉर्नसारखा दांडगा मासा असेल तर सुका जवळा अर्धा तास भिजवून, वाळू आणि खारटपणा निघेपर्यंत धुऊन द्या. मटण-कलेजीचे तुकडे मात्र नकोत. गरम रक्ताच्या प्राण्याची चरबी त्यांना पचत नाही आणि पाणी एका रात्रीत नासतं. डासांच्या अळ्या गप्पींना अमृत. आरोग्य खातं गप्पी वाटतं ते याचसाठी, पण म्हणून गॅलरीत अळ्या पाळत बसू नका.

आणि ज्यांना खरंच हौस आहे त्यांच्यासाठी वड्या. पालक, मटार आणि असेल तर सोललेली कोळंबी उकडून मिक्सरमध्ये बारीक वाटा. तेल, मीठ, लसूण, तिखट काही नाही. वाटीभर पाण्यात दोन लहान चमचे चायना ग्रासची पावडर घालून दोन मिनिटं उकळा, खाली उतरवा, पातेल्याला हात लावता येईल इतकं निवल्यावर वाटण मिसळा, आणि ताटलीत पातळ थर ओतून फ्रिजमध्ये ठेवा. घट्ट झालं की मुगाच्या दाण्याएवढे तुकडे करून डीप फ्रीझरमध्ये. अनेक ठिकाणी यासाठी जिलेटिन सुचवलेलं असतं. ते आपल्याकडे चालत नाही: जिलेटिन तिशीच्या आसपास वितळायला लागतं, आणि मे महिन्यात सोलापूरच्या घरातल्या टँकचं पाणीच तेवढं गरम असतं. तुकडा टाकला की विरघळून पुन्हा तोच ढग. चायना ग्रास 85 अंशांपर्यंत वितळत नाही, आणि समुद्रशेवाळाचं असल्यानं शाकाहारी घरातही चालतं.

माप एकच: दोन मिनिटांत संपेल तेवढं. उरलं तर काढायचं. भाकरी देणाऱ्या आजोबांच्या हातात मी याच वड्यांची डबी दिली, रोज दोन तुकडे, आणि चिमटाही त्यांच्याकडेच. तुकडा कुठल्या माशानं पळवला याचा हिशेब ते आता मुलाला सांगतात.

हे सगळं करून दोन आठवड्यांनीही पाणी पांढरंच असेल तर तीन गोष्टी बघा. फिल्टरच्या मागे किंवा खडीत एखादा मेलेला मासा किंवा गोगलगाय अडकली आहे का. भरायच्या पाण्याचाच अमोनिया तपासा, बोअरजवळ शोषखड्डा किंवा ड्रेनेज असेल तर तो तिथूनच येऊ शकतो. आणि मासे मोजा. 45 लिटरमध्ये चार गोल्डफिश हे मुळातच जास्त आहेत, वाढले की दोन माशांनाही ती जागा अपुरी पडते.